कोरीअण्णांचा फ्लॅश

“लाइटी घेऊ नको बाळ. फ्लॅश घे,” कोरीअण्णा दारातच म्हणाले, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या अजून.

मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले होते. कोरीअण्णा म्हणजे आमच्या गडहिंग्लजच्या बाजारपेठेतल्या कोरी फोटो स्टुडिओचे मालक. गावातल्या निम्म्या लोकांचे दहावीच्या फॉर्मावरचे चेहरे त्यांनीच काढलेले. हा माणूस कधी कुणाच्या घरी चहाला गेलेला ऐकिवात नव्हतं, आणि तो भर दुपारी, न बोलावता, आमच्या सोप्यात खुर्ची ओढून बसला. बरं, मी लाइटी घेणार आहे हे मी शेजारणीलाही सांगितलेलं नव्हतं.

कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, पानाच्या दुकानात सर्जेराव बोलत होता. सर्जेराव माझे थोरले दीर. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा ते खरं असणार. पण ते ऐकून एखादा माणूस दुकान बंद ठेवून उन्हातून चालत येतो, ते कशासाठी? मी पाणी दिलं आणि समोर उभीच राहिले.

मी मूळचीच संशयी. त्याची मला कधी लाज वाटली नाही. माझी आई दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय पातेलं पुढं करत नसे, आणि मी तिच्याच हाताखाली वाढले. कुणी माझ्या भल्याचं बोलायला लागलं की ह्याचं ह्यात काय, हे मी आधी शोधते. कोरीअण्णांचं तर शोधायलाही नको होतं. गावात स्टुडिओ एकच, त्यांचा. दुसरा निघाला तर त्यांच्या पोटावर पाय.

आता ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, सेलवर चालणारा, पिशवीत मावणारा दिवा. लाइटी म्हणजे स्टँडवरचे मोठे दिवे, त्यांना छत्र्या, वायरींचं जंजाळ, आणि हे सगळं मांडायला हक्काची खोली. लाइटी घेतल्या की गिऱ्हाईक तुमच्याकडं येतं. फ्लॅश घेतला की पिशवी खांद्याला मारून तुम्ही गिऱ्हाइकाच्या दारात. नव्यानं धंद्यात पडणाऱ्याला दोन्ही परवडत नाही, एकच काहीतरी निवडावं लागतं. आजही पोरंपोरी मला हेच विचारायला येतात.

माझी गोष्ट अशी होती की मला दुसऱ्यांदा निवडायला मिळणार नव्हतं. लग्नाआधी मी कोल्हापुरात एका कलर लॅबमध्ये लोकांनी काढलेले फोटो दुरुस्त करत बसायची. तिथंच जुना कॅमेरा हाताला लागला होता. त्यापुढचं सामान घ्यायला माझ्याजवळ आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या होत्या, बाकी काही नाही. त्या एकदाच मोडता येतात. चुकीचं सामान घेतलं असतं तर कॅमेरा ट्रंकेत गेला असता आणि मी पतसंस्थेच्या खिडकीत. आमच्या ह्यांनी तिथं शब्द टाकूनच ठेवला होता. दिवसभर जाळीआडून लोकांच्या पावत्या फाडायच्या, ते मला जन्मात जमलं नसतं.

लाइटी घेऊ नको हे सांगून अण्णा थांबले असते तर मी त्यांना ओळखून होते. पण त्यांनी पिशवीतून हातरुमालात गुंडाळलेला एक फ्लॅश काढला. त्यांचा स्वतःचा, वापरातला. तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, वापरून बघ, नको वाटला तर परत दे, मला घाई नाही. कामंही मीच पाठवतो.

आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं.

“आणि माझं एक काम करायचं,” ते म्हणाले. “ज्या घरात जाशील तिथं सगळ्यात म्हातारी जी बाई असेल, तिचा एक फोटो काढायचा. ती जिथं बसते तिथंच. अंगणात, उजेडात आणायचं नाही तिला. आणि तो फोटो मला आणून दाखवायचा.”

“कशाला?”

“शिकशील,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

कामं मात्र खरंच यायला लागली. भडगावातलं एक बारसं, मग कुठं डोहाळजेवण, कुठं वास्तुशांत. प्रत्येकजण म्हणायचा, कोरीअण्णांनी तुमचं नाव सांगितलं. पहिल्याच बारशाला माझी फजिती झाली. दारात मांडव घातलेला, वर लालभडक कापड. लॅबमध्ये ऐकलेलं डोक्यात होतं, की फ्लॅश माणसाच्या तोंडावर मारू नये, छताकडं वळवावा, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. मी वळवला वर. उजेड खाली आला, पण त्या कापडाचा रंग घेऊन आला. बाळ, आत्या, पाळणा, सगळं टोमॅटोसारखं लाल. घरातल्या म्हातारीला माजघरात गाठलं, तिथं वर काळी कौलं, उजेड परतेचना. तेव्हा समोरूनच मारला. तिच्या कपाळावरची विभूती चुन्याच्या फटकाऱ्यासारखी पांढरी झाली आणि डोळ्यांच्या नुसत्या खोबण्या.

फोटो घेऊन दुकानात गेले तेव्हा मी रागातच होते. मांडवाचं कापड लाल असतं हे ह्या माणसाला ठाऊक नव्हतं? मग आधी का सांगितलं नाही? माझं नाव बारशालाच खराब व्हावं म्हणूनच ना? मी तसं तोंडावर विचारलं. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, सांगितलं असतं तर तू ऐकून सोडून दिलं असतंस. इथून पुढं कुठंही गेलीस की आधी छत बघ, भिंत बघ, मग माणूस बघ.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर त्या म्हातारीचा फोटो उघडला, त्याची एक छोटी प्रिंट मारली, आणि ती घेऊन उठले. दुकानाच्या मागं त्यांचं घर होतं. मधल्या दाराला कायम आतून कडी. त्यांनी दार वाजवलं, त्यांच्या मुलीनं कडी काढली, ते आत गेले, पुन्हा कडी लागल्याचा आवाज आला. मी बाहेर बाकड्यावर. बऱ्याच वेळानं परत आले.

“कपाळ जळालंय,” म्हणाले. “आणि म्हातारी भ्यालीय.”

कपाळाचं मला दिसत होतं. पण ते सांगायला आत कशाला जावं लागतं?

पुढं हे दर वेळी व्हायला लागलं. मी फोटो न्यायची, ते प्रिंट घेऊन आत जायचे, कडी, आणि मग बाहेर येऊन काहीतरी ऐकवायचे. एकदा म्हणाले, नाकाची सावली ओठावर पडलीय, मिशी आल्यागत दिसतंय. एकदा म्हणाले, कुंकू काळं दिसतंय. एकदा नुसतं एवढंच, की पदर नीट करू द्यायचा होतास तिला, तू घाई केलीस. मी लॅबमध्ये शंभर फोटोग्राफर ऐकलेले. फोटोग्राफर असं बोलत नाही. तो उजेड कमी-जास्त बोलतो. पदराचं कोण बोलतं?

तेव्हा पाणी कुठंतरी मुरत होतं ह्यात मला शंका राहिली नाही. आत कोण होतं? अण्णांची बायको गिरिजाक्का आजारी असतात एवढं गावाला माहीत होतं. बेळगावात दिलेली मुलगी त्यांच्या सेवेला येऊन राहिली होती. पण आजारी माणसाला कोण परक्या म्हाताऱ्यांचे फोटो दाखवतं? मला वाटलं जावई आत बसलाय. माझे फोटो कुठंतरी स्पर्धेला बिर्धेला अण्णांच्या नावानं पाठवत असतील. म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्यांना त्यात फार मान असतो, हे मी लॅबमध्ये बघितलेलं होतं.

मग मीही गळ टाकला. लॅबमधला जुना एक फोटो माझ्याजवळ होता, दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, नऊवारीतल्या एका म्हातारीचा, अगदी झकास. तो मी माझा म्हणून दिला. स्पर्धेचं काही असेल तर हा बघून अण्णांचे डोळे चमकतील, असा माझा हिशेब. ते आत गेले आणि लगेच परत आले. प्रिंट माझ्या हातात दिली.

“हा तू काढलेला नाही,” म्हणाले.

“कशावरून?”

नुसतं, पुन्हा असं करू नको म्हणाले. मी त्यांना पकडायला गेले आणि मलाच कुणीतरी पकडलं होतं, तेही दाराआडून, मला न दिसता. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तुला कामं मिळतायत ना, मग कशाला उकरतेस? माझ्या नवऱ्याच्या डोक्यात संशयाला जागाच नाही, त्यामुळं दोघांचा मला एकटीला घ्यावा लागतो.

सर्जेराव भावजी मात्र माझ्याच बाजूचे. त्यांनी मला बसवून समजावलं की म्हातारा तुला वाडीवस्तीवर फिरवतोय आणि स्वतः सावलीत गादीवर बसलाय. चिखलातली कामं तुला, पासपोर्टचे फोटो त्याला. लोकांच्या दारात गेलं की लोक वाढतील ते खायचं, आपल्या दारात लोक आले की आपण म्हणू तो भाव. त्यांचा एसटी स्टँडजवळ गाळा होता, मोबाइलवाला सोडून गेल्यापासून रिकामा. तिथं स्टुडिओ टाक, भाडं पुढचं पुढं बघू. आता ह्यात त्यांचं काय होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं, पण मला त्याची भीती वाटत नव्हती. दिसणारा स्वार्थ परवडतो. अण्णांचा स्वार्थ मला वाटला होता तेवढाच असता तर फ्लॅश फुकट देऊन, कामं पाठवून, हा माणूस एवढी माझी उस्तवार का करत होता? ते मला कळत नव्हतं, आणि म्हणून झोप लागत नव्हती.

एकदा त्यांनी मला दुकानात बोलावलं ते नेमकं भारनियमनाच्या वेळेला. त्या वर्षी लाइट जायची वेळ सगळ्या गावाला पाठ होती. एक कुटुंब नटूनथटून फोटोला आलेलं, बाप, आई, नाकात नथ घातलेली पोरगी. खुर्चीवर बसले, अण्णांनी छत्र्या लावल्या, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, पण त्या मोठ्या लाइटी सुरू केल्या की इन्व्हर्टर ओरडून बंद पडायचा. पोरगी घामानं निथळली, पावडर ओघळली, आणि शेवटी ती माणसं उद्या येतो म्हणून गेली. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, बघितलंस? हे लोक उद्या येत नसतात.

मी बघितलं, पण मला ते नाटक वाटलं. मला दाखवायलाच ती वेळ धरली होती, ह्यात शंका नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते नाकारलंही नसतं. तरी माझ्या मनानं उलटच घेतलं. एवढा आटापिटा करून जो मला स्टुडिओपासून लांब ठेवतोय, त्याला ठाऊक असणार की स्टुडिओतच खरी मलई आहे. मी घरी आले आणि भावजींना सांगितलं की ठरलं, लाइटीच घ्यायच्या.

कोल्हापूरला जायचा दिवस ठरला. पाटल्या मोडायच्या तिथल्याच सराफाकडं, आणि तिथूनच लाइटीच्या दुकानात. भावजी बरोबर येणार होते. लाइटी तिथंच लावून बघायच्या म्हणून मी कॅमेरा घेतला. जाता जाता अण्णांचा फ्लॅश त्यांच्या हातात ठेवावा आणि हिशोब मिटवावा म्हणून दुकानाकडं वळले, तर शटर खाली. एवढ्या सकाळी ते कधी बंद नसायचं. मी म्हटलं, कळलं असेल म्हाताऱ्याला, तोंड चुकवतोय. फ्लॅश पिशवीत तसाच राहिला.

आम्ही स्टँडवर गाडीत बसलो होतो. कंडक्टर चढायचा होता. तेवढ्यात अण्णांच्या शेजारच्या दुकानातले नागाप्पा शिंपी सायकल तशीच टाकून गाडीत चढले आणि एकेक बाकडं बघत माझ्यापर्यंत आले.

“गिरिजाक्का गेल्या पहाटे,” ते म्हणाले. “अण्णांनी तुम्हाला बोलावलंय. कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन या म्हणालेत.”

भावजी माझ्या आधी बोलले. गेल्या ते वाईट झालं, पण फोटोला आज हीच कशी सापडली, तेही नेमकी कोल्हापूरला निघाली तेव्हा? म्हाताऱ्याला कळलंय आपण कशाला चाललोय ते. आज गाडी चुकवली की हा दहा दिवस सुतकात, मग तेरा भानगडी, आणि तुझ्या लाइटी राहिल्या. तू बस गप.

मेलेल्या माणसाच्या दारातून आलेल्या निरोपावर संशय घ्यायचा नसतो, हे मला कळत होतं. तरी मी नागाप्पांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. त्यांचे डोळे रडून सुजलेले होते. मी पिशवी घेतली आणि उतरले. भावजी खिडकीतून काहीतरी बोलत राहिले. त्या गाडीनं मी कोल्हापूरला गेले नाही, आणि नंतरही त्या कामासाठी कधी गेले नाही.

मी कधी उघडं न बघितलेलं ते मधलं दार त्या दिवशी सताड उघडं होतं. मागं अंगण, अंगणात बायका बसलेल्या, भजनाचे टाळ वाजत होते. सोप्यात गिरिजाक्कांना बसवलेलं होतं. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात हार घालतात, आणि बसलेलंच विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीतून, नेतात. नेण्याआधी घरची माणसं त्याच्या शेजारी बसून एक फोटो काढून घेतात. तोच फोटो मग घरात राहतो, नातवंडं-पतवंडं त्याच्याच पाया पडतात. गडहिंग्लजात आणि आजूबाजूच्या गावांत असा फोटो असला तर तो कोरीअण्णांनीच काढलेला.

गिरिजाक्कांना मी जिवंतपणी नीट बघितलंही नव्हतं. आता बघितलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. म्हातारी बाई, कपाळावर विभूती, अंधारा सोपा, मागं निळीचा चुना दिलेली भिंत. अशाच भिंतीपुढं, अशाच कपाळांवर मी इतके दिवस फ्लॅश मारत होते. कुठं जळालं, कुठं निळं पडलं, कुठं नीट आलं, हे सगळं मला दुसऱ्यांच्या घरात शिकवून झालं होतं.

अण्णा माझ्याजवळ आले. दाढी वाढलेली, आवाज मात्र रोजचाच.

“सगळ्या गावाचे असले फोटो मी काढले,” ते म्हणाले. “माझ्या घरातला कोण काढणार? मी तिच्याशेजारी बसायचं का तिच्यासमोर उभं राहायचं? तिनंच विचारलं होतं मला हे, दोन दिवाळ्यांमागं. तेव्हापासून शोधत होतो.”

ते पुढं म्हणाले, “तुझे सगळे फोटो तीच बघायची. तिनंच तुला ठरवलं. त्या दिवशीचा तो दुसऱ्याचा फोटो तिनंच ओळखला. म्हणाली, हिच्या फोटोत म्हाताऱ्या आता भ्यालेल्या नसतात, आणि ही भ्यालीय. हा हिनं काढलेला नाही.”

“मला आधी का सांगितलं नाही?” मी विचारलं. मला राग आला होता, आणि रडूही येत होतं.

“कसं सांगणार? माझी बायको मरणार आहे, तेवढं शिकून घे, म्हणू?” त्यांनी मान वळवून गिरिजाक्कांकडं बघितलं. “आणि गावात दुसरा स्टुडिओ मला नको होता, ते बी खरं. खोटं कशाला बोलू आज.”

म्हणजे माझा संशय पोकळ नव्हता. तो मी अजूनही परत घेत नाही. स्वार्थ होता, एक नाही दोन होते. त्यातला एक मी पहिल्याच दिवशी ओळखला आणि तेवढ्यावरच अडून बसले.

लाइट नव्हतीच. नेण्याची वेळ जवळ आली होती, विधी करणारे स्वामी येऊन बसले होते. हा फोटो बिघडला तर पुन्हा काढायची सोय नव्हती. मी छत बघितलं. काळी तुळई, कौलं, काही उपयोगाचं नाही. भिंत निळी, तिच्यावर उजेड मारला तर गिरिजाक्कांचं तोंड निळं पडलं असतं, आणि मेलेल्या माणसाचं तोंड निळं पडलेलं मुलीला जन्मभर बघावं लागलं असतं. मी पांढरं धोतर मागितलं, कोरं. घडी मोडून जावयाला आणि नागाप्पांना दोन टोकं धरून बाजूला उभं केलं, खिडकीतून उजेड यावा तसं. फ्लॅश त्या धोतरावर वळवला. आधी मोकळ्या जागेवर एक मारून बघितला. मग नागाप्पांना एक पाऊल मागं घेतलं आणि दुसरा गिरिजाक्कांवर मारला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर विभूतीची तिन्ही बोटं वेगवेगळी दिसत होती. काय करायचं ते हातांना ठाऊक होतं.

मुलगी आईच्या उजव्या बाजूला बसली. तिनं आईचा पदर खांद्यावर सारखा केला. मी घाई केली नाही. तिनं कुंकवाचा ओघळ बोटानं पुसला, हार सरळ केला, मग पुन्हा एकदा पदर नीट केला, आणि मी थांबले. बायकांतल्या कुणीतरी उशीर होतोय म्हटलं, तरी थांबले.

अण्णा डाव्या बाजूला येऊन बसले. मांडी घातली, मोडली, पुन्हा घातली. हात गुडघ्यावर ठेवले, मग मांडीत घेतले, मग एक हात उचलून गिरिजाक्कांच्या हातावर ठेवला आणि तोही लगेच काढून घेतला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची हनुवटी दोन बोटांनी वर करणारा हा माणूस, त्याला स्वतःची मान कुठं ठेवायची कळत नव्हतं. मी कॅमेऱ्यातून बघत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर कॅमेऱ्याच्या ह्या बाजूला राहिलेल्या माणसाचा बायकोबरोबर एकही फोटो नसणार.

“शर्मिला,” त्यांनी विचारलं, “मी कुठं बघू?”

“इकडं, अण्णा. माझ्याकडं.”

त्यांनी बघितलं. पण टिकलं नाही. डोळे पुन्हा बायकोच्या तोंडाकडं गेले आणि तिथंच थांबले. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, अप्पा, समोर. त्यांना ऐकू गेलं नसावं. असे फोटो समोर बघूनच काढायचे असतात, हे त्यांनीच सगळ्या गावाला लावून दिलं होतं.

मी त्यांना परत हाक मारली नाही. तसाच फोटो काढला.